बंदरावरचे टेंबेकाका

साराबाईंचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते हॅमिल्टनच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या जेवणात, आणि ऐकताक्षणी फसलो.

"साराबाई उतरल्या एकदाच्या," पानात मसालेभात वाढून घेत टेंबेकाका म्हणाले. "न्यूयॉर्कला. पदरात पोरं, नवरा वाटेत बोटीवरच गेला. अंगावर धड गरम कपडा नाही आणि बाहेर ही थंडी."

'बोटीवर' हा शब्द मला खटकायला हवा होता. पण मसालेभात जमून आला होता, आणि चार लोकांसमोर उदार होण्याची संधी मी सहसा सोडत नाही. मी म्हणालो, काका, आमच्या बेसमेंटची खोली रिकामीच आहे, त्यांना सरळ हॅमिल्टनला घेऊन या, व्हिसाचं नंतर बघू. बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी त्याचा अर्थ 'शाब्बास' असा घेतला. संध्याकाळपर्यंत मी ओळखीच्या घरांतून मुलांची विंटर जॅकेटं, टोप्या आणि स्नोबूट गोळा करून काकांच्या दारात हजर झालो.

काकांनी प्रत्येक जॅकेटची चेन वरखाली करून पाहिली. मग शांतपणे सांगितलं, की साराबाईंना उतरून दीडशेवर वर्षं झाली.

"मग ह्या जॅकेटांचं काय करू?"

"राहू देत इथेच. लागतील."

टेंबेकाका म्हणजे हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यातले निवृत्त मेटलर्जिस्ट. साठच्या दशकाच्या शेवटी आले, जन्मभर वितळलेल्या लोखंडाशेजारी उभे राहिले, त्यामुळे कॅनडाची थंडी ही त्यांना अफवा वाटते. सुमनकाकू गेल्यापासून एकटेच राहतात. एकदा लायब्ररीत त्यांना एक पाटी दिसली: आपल्या पूर्वजांचा शोध घ्या, विनामूल्य. त्यातला 'विनामूल्य' हा शब्द वाचून काका दिलेल्या पत्त्यावर गेले. ते निघालं मॉर्मन चर्च. या लोकांना घराण्याच्या मुळांचं फार अगत्य, त्यासाठी त्यांनी चर्चमध्येच एक अभ्यासिका ठेवलेली, कोणीही यावं. चिपळूणच्या टेंब्यांचा तिथे पत्ता लागला नाही. मग काकांनी दुसऱ्यांचे पूर्वज घेतले.

हा मॉर्मन पंथ अमेरिकेत नवा होता तेव्हा त्यांचे प्रचारक इंग्लंडमध्ये गेले आणि तिथले गिरणीकामगार, चांभार, शिंपी बोटी भरभरून अमेरिकेला निघाले. जायचं पार पश्चिमेला, युटाला, पण उतरायचं न्यूयॉर्कला. खिशात पुढच्या प्रवासाचं भाडं नसायचं. तिथे या पंथाची छोटीशी मंडळी असायची, भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी जमणारी. बोट लागली की ते धक्क्यावर जायचे, माणसं घरी आणायचे, जेवू घालायचे, काम बघून द्यायचे. वर्ष-दोन वर्षांनी ती माणसं पुढे जायची आणि हे पुन्हा धक्क्यावर.

काकांचा जीव अडकला तो या धक्क्यावरच्या लोकांत. "विनायका, बोटीवरसुद्धा त्यांनी वॉर्ड पाडले होते. प्रत्येक वॉर्डाला एक प्रमुख, स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या," असं ते मंडळाच्या प्रत्येक मीटिंगमध्ये सांगत. "आणि आपल्याला पॉटलकच्या जेवणाला कोशिंबीर कोणी आणायची ते ठरवता येत नाही."

यातलं 'आपल्याला' म्हणजे मी. त्या वर्षी सगळ्यांनीच गुलाबजाम आणले होते, कारण व्हॉट्सॲपवरचा मेसेज मी लिहिला होता.

अर्थात काका नुसतं वाचत बसले नव्हते. कोणाच्या भाच्याला कॉलेजात ॲडमिशन मिळो, कोणा जोडप्याचं पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, होवो, टोरोंटोच्या विमानतळावर काका उभे. हातात दशम्यांचा डबा, गाडीत जास्तीचे कोट. नोकरी कुठली, व्हिसा कुठला, असले प्रश्न ते तिथे कधी विचारत नसत. "आधी उतरवून घ्यायचं, बाकीचं पुढे," एवढंच. मग महिना-दोन महिने त्यांच्या बेसमेंटमध्ये मुक्काम, विंटर टायर कधी लावायचे ते शोव्हलने बर्फ कसा उपसायचा इथपर्यंत शिकवणी, आणि एक दिवस ते कुटुंब वॉनसारख्या उपनगरात नाहीतर टोरोंटोच्या कुठल्याशा काँडोत निघून जाई. पुढे फोन येत नसे. काका म्हणत, फोन नाही म्हणजे रुळले.

कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाचं ते वर्ष. एका रविवारी त्यांच्या मुलीचा, मंजिरीचा, कॅल्गरीहून मला फोन आला.

"विनायकदादा, खरं सांग. बाबा चर्चला जातात? डिड ही कन्व्हर्ट ऑर समथिंग?"

मी म्हटलं, छे गं, नुसते वाचायला जातात. पण तिची खरी काळजी वेगळीच होती. जानेवारीत काका ड्राइव्हवेवर घसरून पडले होते, मनगट प्लास्टरमध्ये गेलं होतं आणि तिला ते कळलं मार्चमध्ये. अजून एक विंटर त्यांनी एकट्याने काढावा हे तिला सहन होत नव्हतं. ती वर्षभर 'कॅल्गरीला या' म्हणत होती आणि काकांचं उत्तर ठरलेलं: आत्ता नको, एक कुटुंब उतरतंय. कुठलं ना कुठलं कुटुंब उतरतच असायचं. तेव्हा मी त्यांचं मन वळवावं.

पुढच्याच बुधवारी मी काकांबरोबर त्या अभ्यासिकेत गेलो. दारात पाऊल टाकताच संस्कार जागे झाले आणि मी बूट काढले. उजव्या मोज्याला भोक होतं, त्यातून अंगठा बाहेर आलेला. तिथले स्वयंसेवक आजोबा, सूट-टाय घातलेले, त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि पाहुण्याला ओशाळं वाटू नये म्हणून स्वतःचेही बूट काढून ठेवले. मग आम्ही दोघं मोज्यांवर कपाटांमधून हिंडलो. काका बूट घालून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बूट घाल. त्यांचे गुडघे दुखतात, पुन्हा घालताना त्रास होईल त्यांना."

परतताना आम्ही कॉफीला थांबलो. मी भाषण तयारच ठेवलं होतं. म्हटलं, "काका, साराबाई शेवटी पुढे गेल्याच ना?"

"गेल्या. न्यूयॉर्कात शिवणकाम केलं, पैसे साठवले आणि गेल्या."

"मग तुम्हीही आता पुढे..."

"मी साराबाई नाही रे," काका म्हणाले. "मी त्या न्यूयॉर्कच्या हॉलमधली शेगडी पेटवणारा."

काका कपाचं झाकण काढून पुन्हा लावत राहिले.

"कॅल्गरीला विमानतळावर मंजिरी येणार. बॅग ती उचलणार. गाडीचं दार ती उघडणार, कोटाची बटणं लावा म्हणणार. पन्नास वर्षं मी लोकांना आणायला जातोय. मला कोणी आणायला आलेलं... ते मला जमायचं नाही, विनायका."

हे मी मंजिरीला जसंच्या तसं सांगितलं. तिने दबक्या आवाजात विचारलं, बाबा असं म्हणाले?

तिच्या सासूबाई ऑगस्टमध्ये सांगलीहून येणार होत्या. पहिलाच परदेशप्रवास, तोही एकट्याने. माझ्या डोक्यात योजना आली. माझ्या योजनांचा इतिहास पाहता मंजिरीने नाही म्हणायला हवं होतं, पण तिने लगेच काकांना फोन लावला. सासूबाई येतायत, मला त्या दिवशी ऑफिसात ऑडिट आहे, बाबा, त्यांना उतरवून कोण घेणार?

काकांनी तिला तीनच गोष्टी विचारल्या: बाई व्हीलचेअर घेणार का, चातुर्मासात कांदालसूण चालते का, आणि विमान बदलायचं ते कुठे. मग स्वतःच तिकीट काढलं, बाईंच्या आधी दोन तास पोचेल असं. मुक्काम किती, हे कोणी बोललं नाही. बेसमेंटची किल्ली माझ्याकडे दिली आणि दहिसरहून एक जोडपं येणार होतं त्यांना आणायला मला बजावलं. मी मंजिरीला एकच ताकीद दिली होती: काहीही झालं तरी विमानतळावर फिरकायचं नाही. बॅग त्यांना उचलू दे.

त्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. मागे घोषणांचा आवाज.

"बाईंचं विमान लेट आहे. उभा आहे मी. डबा आहे बरोबर."

"बसा ना जरा कुठेतरी."

"बसलो तर दाराकडे लक्ष राहत नाही." मग आवाज एकदम खाली आला. "ऐक. मंजिरी आलीय."

मी कपाळावर हात मारला.

"मी बाहेर आलो तेव्हापासून खांबामागे उभी आहे. तिला वाटतंय मला दिसत नाही. ऑफिसचा निळा कोट अर्धा बाहेर आलाय. मी बॅग ओढत तिच्या समोरून आलो, पण पाहिलंच नाही असं केलं."

"मग आता हाक मारा की तिला. तास तास उभी राहील ती."

"नको. राहू दे," काका म्हणाले. "लहानपणीसुद्धा ती लपली, की मी तिला लगेच शोधायचो नाही."

मग फोनवर नुसत्या घोषणाच ऐकू येत राहिल्या. काकांनी फोन मात्र ठेवला नाही.