दहा मिनिटं हात लावू नका

ऑफिसात त्यांना सगळे तातडीराव म्हणत. रेकॉर्ड विभागातल्या प्रत्येक फायलीवर, अगदी रिकाम्या फायलीवरसुद्धा, ते 'तातडीचे' असा लाल शिक्का मारत, म्हणून. घरातलं इंटरनेट मात्र त्यांच्या तातडीला भीक घालत नव्हतं. स्क्रीनवरचं चक्र गरगरायला लागलं की इकडे यांचा पाय थरथरायला लागे. (एके काळी हाच माणूस एका पत्राच्या उत्तराची महिनाभर वाट बघायचा. पण ते जाऊ द्या.)

त्यातच बायकोची मुलाखत ठरली. शाळेत पहिलीच्या वर्गावर बाई म्हणून. पोरांच्या मागे बारा वर्षं घरात काढल्यावर आलेली ही एकमेव संधी, आणि तीही ऑनलाइन, गुरुवारी अकराला.

"आहे तेच राहू द्या हो," ती म्हणाली. "हळू असलं तरी पोचतं."

"अगं, ऐन मुलाखतीत अडकलीस तर? मी आहे ना."

हे 'मी आहे ना' ऐकलं की ती मनातल्या मनात देवाला हात जोडायची. तातडीरावांनी आधी जुनं कनेक्शन तोडलं आणि मग नव्यासाठी अर्ज केला. वायरमन उगवला तो गुरुवारीच, दहा वाजता. त्याने भिंतीला डबी ठोकली, वायर जोडली आणि निघताना बजावलं, "साहेब, लाल दिवा लुकलुकेल. दहा मिनिटांत आपोआप हिरवा होईल. तोवर हात लावू नका."

तिसऱ्या मिनिटाला तातडीरावांनी बटण बंद करून चालू केलं.

"अहो, दहा मिनिटं म्हणाला ना तो?"

"ते सगळ्यांनाच तसं सांगतात गं."

दिवा पुन्हा पहिल्यापासून लुकलुकू लागला. असं त्यांनी सात-आठ वेळा केलं, त्यामुळे दहा मिनिटं काही एकदाही पुरी झाली नाहीत. पावणेअकराला ती लॅपटॉप काखेत मारून शेजारच्या निवृत्त नर्सबाईंकडे गेली. त्यांचं इंटरनेट त्यांच्या गुडघ्यांसारखंच होतं, कुरकुरत का होईना, चालायचं. जाताना ती रागावलीसुद्धा नाही, आणि तेच तातडीरावांच्या जिव्हारी लागलं. ते डबीकडे पाठ करून खुर्चीत बसून राहिले. कोणी हात लावला नाही म्हणून अकराच्या आत दिवा हिरवा झाला, पण तो त्यांना दिसला तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

तातडीराव तसेच पायजम्यावर धावले. नर्सबाईंचं दार ढकलून थेट लॅपटॉपसमोर.

"अगं, आलं, आलं! ऊठ, तिकडे चल, तिकडून बोल."

स्क्रीनवर मुख्याध्यापिका आणि दोन सर होते. तिघांनीही चष्मे सारखे केले. कानांवरचा हेडफोन जरा बाजूला करून तिने मान वळवली. आवाज चढवला नाही.

"खाली बसा. हात मांडीवर. माझं झालं की तुमचं ऐकते."

तातडीराव खाली बसले. हात मांडीवर ठेवले. पुढची वीस मिनिटं त्यांचा पायसुद्धा हलला नाही.

संध्याकाळी निवड झाल्याचा निरोप आला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्याही आलं. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "शेवटी कुठलं उत्तर आवडलं गं त्यांना?"

"उत्तर कसलं? चंचल मुलांना कसं सांभाळाल, हा प्रश्न बाकी होता. तुम्ही बसल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, आता तो विचारायला नको, याच्याहून अवघड मूल आमच्या शाळेत नाही."