फक्कीचा बंगला

पिंप्राळ्याच्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला आणि जीवराम नेहेते सरांना साधं घर सुचेनासंच झालं. शाळेत खेळ शिकवणारा माणूस. त्यांना वाटायचं, घरातही थोडं खेळता यायला हवं. म्हणून वरच्या मजल्यावरून थेट स्वयंपाकघरात उतरणारी घसरगुंडी. जेवायला टेबलाऐवजी समोरासमोर चार झोपाळे. न्हाणीघरात गाण्यासाठी छोटं स्टेज (श्रोत्यांची बाकं त्यांनी विचारांती खोडली). आणि सगळ्यांत लाडकी भरिताची खोली: वांगी भाजायला मधोमध खड्डा, कपाशीच्या काड्या रचायला कोनाडा आणि वर उंच धुराडं.

मंदाबाईंनी तो नकाशा पसरला आणि त्यावर मेथी निवडली.

"मला कागदावरचं कळत नाही," त्या म्हणाल्या. "अक्का हो म्हणाली तर बांधा. नाहीतर चारचौघांसारखं, दोन खोल्या अन् हॉल."

अक्का म्हणजे मंदाबाईंची थोरली बहीण, प्रमिलाबाई. राहायला धुळ्याला, देवपुरात. पण त्यांच्या होकाराशिवाय माहेरात कुणी पडदेसुद्धा बदलत नसे. सरांनी ठरवलं, अक्कांना कागद दाखवायचाच नाही, घरच दाखवायचं. रविवारी सकाळी कबड्डीचं मैदान आखून उरलेली पांढरी फक्की नेली, काड्यांचा भारा एका कोपऱ्यात टाकला आणि प्लॉटवर खऱ्या मापाचं घर आखलं. भिंती, दारं, झोपाळे, सगळं. मग अक्कांना तिथेच भरीत पार्टीला बोलावलं.

गंमत म्हणजे अक्कांनी ते घर मनावर घेतलं. दाराशी चपला काढल्या. मंदाबाई भिंत ओलांडून आत आल्या, तर त्यांना माघारी पाठवून दारातून यायला लावलं. झोपाळ्यावर, म्हणजे गवतात, बसून त्या दोनदा मागेपुढे झाल्या. घसरगुंडीपाशी मात्र थबकल्या.

"लुगड्यावर घसरायचं कसं, पाव्हणे?"

"बाजूला जिना आहे, अक्का."

"जिना कशाला? कठडा हवा."

सरांनी धावत जाऊन कठडा आखला. (तो कबड्डीच्या बोनस रेषेसारखा दिसत होता, पण अक्कांनी धरून पाहिला.)

भरिताच्या खोलीत काड्या पेटल्या, वांगी तडतडू लागली.

"अन् एवढा धूर जाणार कुठे?"

"शेजारच्या प्लॉटवर. धुराडं मुद्दाम तिकडे वळवलंय. तिथे कोण राहतंय?"

ही हुशारी अक्कांना फार पटली. "बांधा," त्या म्हणाल्या.

सरांनी आनंदाच्या भरात बेडरूमपासून हॉलपर्यंत कोलांटउडी मारली. उठून पाहतात तो दाराबाहेर एक म्हातारबाबा उभे. पारोळ्याचे झुलाल आबा.

"घर तुमनं ऱ्हाई, भाऊ," आबा शांतपणे म्हणाले, "पन प्लॉट मन्हा शे."

त्यांनी काड्यांचा भारा पायाने सरकवला. खाली नंबराचा दगड होता. चौदा. सरांचा प्लॉट पंधरा, शेजारचा.

आता एवढं झाल्यावर आबांना जेवू घालणं भागच होतं. आबांनी भरीत खाल्लं, सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, झोपाळ्यावर डुलकी काढली आणि उठून सगळ्या नकाशासाठी सरांपुढे हात केला.

"हाऊ बठ्ठा नकशा माले दी टाका."

सर नाही म्हणणार, तोच अक्का म्हणाल्या, "देऊन टाका, पाव्हणे. आखलेलंच आहे. अन् शेजारीशेजारी दोन सारखी घरं बरी दिसत नाहीत."

पुढच्या हिवाळ्यापर्यंत दोन्ही घरं उभी राहिली. सरांच्या दोन खोल्या अन् हॉल, आणि आबांचा बंगला. धुळ्याहून आल्या की अक्का आधी आबांकडे जातात, दोनदा कठडा धरून घसरतात आणि मग बहिणीकडे चहाला येतात.

दर रविवारी आबा काड्या पेटवतात. धुराडं नकाशाबरहुकूम शेजारच्या प्लॉटकडे वळवलेलं आहे. सर खोकत खोकत घरभराच्या खिडक्या लावत सुटतात, आणि मंदाबाई तव्यावरची नजर न काढता विचारतात,

"अहो, तिथे कोण राहतंय म्हणाला होतात तुम्ही?"