जाळीखालचा डाव

जेवणाच्या ताटावर झाकतात ती जाळी मोबाईलवर झाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा शेजारी निघाला. बबनभाऊ. कशेळ्याच्या बाजाराला जाताना आमचं गाव लागतं, तिथं रस्त्यालगतच त्यांची ओटी.

भाऊ मोबाईलवर पोकर खेळतात. पैशांचा नाही, नुसत्या आकड्यांचा. खोपोलीला दिलेली त्यांची लेक सुमन, तिनं घरच्या आणि गावच्या आठ-दहा जणांचं टेबल मांडून दिलंय. रविवारी दुपारी स्पर्धा. सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या सोंगट्या, त्या संपल्या की बाहेर, शेवटी उरेल तो जिंकला. मी कायम पहिला बाहेर. मग भाऊंच्या ओटीवर जाऊन त्यांचा खेळ बघतो. बघवत नाही, तरी बघतो.

कारण हा गृहस्थ टेबलावर बसतच नाही. रस्त्यावरून कुणी ‘भाऊ हायत का?’ म्हटलं की हातात राजांची जोडी असली तरी उठणार. वर मोबाईलला सांगणार, “बसा हां, आलोच.” मोबाईल पाटावर, त्यावर जाळी, आणि स्वारी बाहेर. एकदा लग्नाची पत्रिका घ्यायला उठले, ते पाहुण्याला जीपमध्ये बसवूनच परतले.

इकडे मोबाईल थांबतो होय? गैरहजर माणसालाही तो पानं वाटतो. सक्तीच्या चिप्स त्याच्या ढिगातून पुढे सरकवतो आणि त्याची पाळी आली की त्याची पानं फेकून देतो. बाकीचे टपलेलेच असतात.

“भाऊ, लुटतायत तुम्हाला,” मी म्हणायचो.

“लुटू दे रं. हाक मारली तर उठायला नको?”

बरं, दुसरं कुणी उठून गेलं तर यांनी तरी हात मारावा? छे. त्याची पाळी यायच्या आधीच बाकी सगळ्यांनी पानं टाकली तर पुढे सरकलेल्या चिप्स गैरहजर माणसाकडेच परत जातात. म्हणून भाऊ चांगली पानं टाकून देणार. “ताटावरनं उठलेल्याची भाकर उचलशील का रं तू?”

“भाऊ, हे पोकर आहे.”

“असंल.”

मला वैताग यायचा. पण त्या टेबलावर आणखी एक नाव होतं, दत्तूचं. भाऊंचा धाकटा भाऊ, पनवेलला असतो. सुमननं मुद्दामच घातलं असणार, कारण कित्येक वर्षं दोघांचं बोलणं बंद. तेही चिंचोक्यांवरून, म्हणजे सांगायलाही लाज वाटावी.

त्या वर्षी गौरी जेवल्या होत्या. दुपारी ओटीवर चिंचोके लावून पत्ते रंगलेले, मीही होतो. आतून त्यांच्या म्हाताऱ्या आईनं पाणी मागितलं आणि दत्तू पानं पालथी ठेवून उठला. भाऊंनी त्याची पानं उचलली, खेळून त्याचा डाव घालवला आणि त्याचे चिंचोके आपल्या पुढ्यात ओढले. दत्तू परत आला तर सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले, “उठला तो संपला.” आम्ही सगळे हसलो. दत्तू हसला नाही. पुढल्या वर्षी त्यानं पनवेलला गणपती वेगळा बसवला. आमच्याकडे भावाभावांचा गणपती वेगळा झाला म्हणजे घर तुटलं.

परवाच्या रविवारी काय झालं, टेबलावर दोघेच उरले. भाऊ आणि दत्तू. मी सरसावून बसलो. तेवढ्यात वरच्या ठाकूरवाडीतल्या बाईनं रस्त्यावरून हाक दिली, “भाऊ, शेवळं हायत, घेता का?”

“अहो, आज तरी नका उठू,” मी म्हणालो. भाऊंनी जाळी झाकली आणि गेले.

भाजीचा भाव, तिच्या नातवाचा ताप, सगळं विचारून होईपर्यंत मला राहवेना. मी जाळी उचलून पाहिलं. भाऊंची पानं मोबाईल फेकत होता. आणि पुढच्या डावाला दत्तू आपली पानं फेकत होता. परत भाऊंची, परत दत्तूची. मोबाईल दत्तूला हजर दाखवत होता, दोन हात मारले असते तर जिंकला असता. पण भाऊंचा ढीग होता तसाच.

भाऊ शेवळांची जुडी घेऊन आले. मी सांगितलं. ते जुडी हातात धरूनच मोबाईलवर वाकले.

“त्या दिवशी आईनं पाणी मागितलं ना,” ते म्हणाले, “हाक मला मारली व्हती. ‘बबन’ म्हणाली व्हती ती. मी उठलो नाय म्हनून तो उठला. आनी मी त्याचीच पानं उचलली रं.”

मी जुडी त्यांच्या हातातून घेतली. मग म्हणालो, “भाऊ, फोन करा त्याला.”

“कोनत्या तोंडानं करू?”

“मग निदान खेळा तरी. तो थांबलाय तुमच्यासाठी.”

भाऊ पाटासमोर बसले. पान एकही उचललं नाही. जाळी परत मोबाईलवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसून राहिले.

“नको,” ते म्हणाले. “खेळलो तर एकाला उठावं लागंल.”