कौसाबाईंची पोरं

आमच्या अंगणवाडीतल्या मदतनीस कौसाबाई पोरांना नावानं ओळखतच नाहीत, दातांनी ओळखतात. "वरचे चार किडके, ती सोजर. खालची दाढ पोखरलेली, तो बंड्या." नवं पोर दारात आलं की नाव-गाव नंतर, आधी "आ कर, माझ्या राजा!" आणि पोर आ करतंही.

माझ्यासमोर मात्र ओठ घट्ट. मी सेविका. दातांचा रंगीत तक्ता मी आणला, ब्रश मी आणले, दात घासायचं गाणंही मीच रचलं. ते गाणं पोरं कौसाबाईंच्या मांडीवर बसून म्हणायची! पालकसभेत मी अर्धा तास गोड खाण्यावर बोलले. बायांनी जांभया दिल्या. कौसाबाई उठून एवढंच म्हणाल्या, "बिस्कुटाचा पुडा म्हंजे किडीला आवतन हाय, बायांनो." दुसऱ्या दिवशी डब्यांतली बिस्किटं गायब. माझा नुसता जळफळाट झाला.

मागच्या महिन्यात ऊसतोडीहून परतलेली चार वर्षांची परी गाल सुजवून आली. दोन दिवस जेवली नव्हती. आई ओली बाळंतीण, म्हणून बीडच्या दवाखान्यात मीच न्यायला निघाले. पण परी कौसाबाईंचा पदर सोडेना. मग तिघी गेलो. दाढ काढताना तिनं त्यांचंच बोट धरलं. कागदावर सही माझी, आणि डॉक्टर त्यांना म्हणतात, "आजी, नात धीराची आहे हो!"

परतताना एसटीत परी त्यांच्या मांडीवर झोपली. मला राहवेना. "कौसाबाई, तुमच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

त्यांनी परीच्या अंगावर पदर ओढला. मग म्हणाल्या, "माझी मंगल एवढीच व्हती. उसाच्या फडात लई रडायची. मला वाटायचं, भुकेनं रडती. गुळाचा खडा द्यायची मी. आणखी रडली की आणखी एक. दाढ दुखती, हे मला कळलंच न्हाई, बाई."

"आता कशी आहे मंगल?"

"बेस हाय. पुण्याला असती. तिला त्यातलं कायबी आठवत न्हाई." परीचे केस सारखे करत म्हणाल्या, "मलाच आठवतं."

मग त्यांनी परीला अलगद उचललं. "घ्या जरा. माझे हात अवघडले."

मी घेतलं. परी झोपेतच माझ्या गळ्याशी सरकली. कौसाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे रिकामे हात मांडीवर तसेच उघडे पडले होते. मला दिसत होते. तरी आमचं नेकनूर येईपर्यंत मी परीला परत दिलं नाही.