गास्पेरोच्या पेल्यातलं तेल

एव्हारिस्तोने आपल्या मळ्यातल्या सर्वांत चांगल्या तांबड्या वाइनचा चंबू तळघरातून वर आणला, तेव्हा त्याची बायको इदा नुकतीच फरशी पुसून उठली होती.

"तेल इथे झटकायचं नाही," ती म्हणाली.

वाइनला हवा लागू नये म्हणून चंबूच्या गळ्यात बोटभर ऑलिव्हचं तेल ओतायचं आणि पिताना एका हिसक्यात ते जमिनीवर उडवायचं, ही आजोबांपासूनची रीत. तेल बायकोचं वापरायचं, ही रीतसुद्धा आजोबांपासूनचीच.

"मग झटकू कुठे? डोक्यावर?"

"स्वतःच्या असेल तर खुशाल. नाहीतर बाहेर जा."

भांडायला सवड नव्हती. जेवायला गास्पेरो यायचा होता. एव्हारिस्तोच्या दोन मळ्यांच्या मधोमध गास्पेरोची पडीक पट्टी होती. तिच्यावरून ट्रॅक्टर न्यायचा तर दर वेळी टेकडी उतरून त्याची परवानगी काढावी लागे आणि तो नुकताच झोपेतून उठलेला असला की ती मिळत नसे. आज त्याच्या पोटात दोन पेले गेले, की ती पट्टीच मागायची, असा बेत होता.

एव्हारिस्तोने दारात जाऊन हिसका द्यायला हात उगारला, तर समोर ठेवणीतला कोट घालून खुद्द गास्पेरो!

"मारतोस की काय रे?"

"छे हो! या, या!"

चंबू तेलासकट आत आला. तरी बिघडलं नव्हतं. यजमानाने पहिली धार स्वतःच्या पेल्यात घ्यायची असते. उरलंसुरलं तेल त्याच्याच वाट्याला येतं. पण गास्पेरोने बसल्या बसल्या पेला पुढे केला.

"आधी मला. चढण चढून घसा सुकलाय."

ज्याच्याकडे जमीन मागायची, त्याला थांब कसं म्हणणार? एव्हारिस्तोने ओतलं. भसकन सगळं तेल पेल्यात.

"हे पिवळं काय तरंगतंय?"

"ऊन... ऊन पडलंय."

"खिडकी लावलेली असताना?"

इदाने चुलीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

गास्पेरोने पावाचा तुकडा मोडून पेल्यात टेकवला, चघळला, डोळे मिटले. मग दुसरा. मग तिसरा.

"वाइन कशी काय?" एव्हारिस्तोने भीतभीत विचारलं.

"तिथवर पोचू तर दे! तेल कुणाचं?"

"माझं," इदा वळून म्हणाली. "खुराड्यामागे चार झाडं आहेत. रोपं माहेरची."

"चारच? अगं, बरणी आण!"

बरणी आली. पाव संपला, घेवड्याच्या वाटीवरही धार धरून झाली. वाइन त्याने शेवटी चूळ भरावी तशी प्यायली आणि वर्षाच्या मेहनतीवर निकाल दिला, "बरी आहे."

निघताना त्याने हात हातात घेतला, तो इदाचा.

"ती मधली पट्टी तू घे. झाडं लाव. वर्षाला एक बुधली मला दिलीस की झालं. फक्त ह्याला तिथे द्राक्षं लावू देऊ नकोस."

एव्हारिस्तो पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला उठला.

गास्पेरो उतार उतरून दिसेनासा झाल्यावर तो हळूच म्हणाला, "आता ट्रॅक्टर सरळ नेता येईल, नाही?"

"येईल. विचारून."

त्याने हिशेब केला. विचारायला आजवर टेकडी उतरावी लागे. आता स्वयंपाकघरापर्यंत यायचं. सौदा काही वाईट नव्हता.

"मग उद्या नेऊ?"

"आधी भांडी," इदा म्हणाली.