पाळकसाहेबांचा रुमाल

सावळाराम सरांच्या आईची स्मरण उपासना झाली आणि त्या दिवसापासून हिरामण साळवेच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओव्याला काही दाद देईना. दुखण्याचं कारण एक रुमाल होता.

हिरामण आणि सावळाराम सर साडू. दोन सख्ख्या बहिणी दोघांच्या घरात, त्यामुळे एकाकडे काय शिजलं ते दुसऱ्याकडे भांडी घासायच्या आत कळलेलं असे. सर शाळेत शिक्षक, चर्चच्या पंच कमिटीवर, आणि एकदा बोलायला उभे राहिले की त्यांना खाली बसवावं लागे. हिरामण भिवंडीत टेमघरच्या एका यंत्रमाग कारखान्यात लूम फिटर. चर्च दोघांचं एकच, जुन्या मिशनचं, आणि तिथे दुःखालाही शिस्त होती. दोन गीतं, एक शास्त्रवाचन, मृताचा जीवनवृत्तांत, बोध, आभार आणि चहा. रडायचं ते रुमालात. कोणाचा हुंदका जरा मोठा झाला की पंचांपैकी एक जण पाण्याचा पेला घेऊन पुढे येई. पाणी पिताना माणसाला रडता येत नाही, हे त्या मंडळीला तीन पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

अशा चर्चमध्ये सावळाराम सर माईकसमोर ढसाढसा रडले. पेलेवाला जागच्या जागी थिजला. पाळकसाहेब स्वतः खुर्चीतून उठले, खिशातून इस्त्रीचा पांढराशुभ्र रुमाल काढला आणि सरांच्या हातात दिला. पुढे दोन महिने मंडळीत दुसरा विषय नव्हता. "काय आईवेडा माणूस!" असं जो तो म्हणे, आणि हिरामणच्या घरात त्याची बायको बकुळाही म्हणे.

मग हिरामणची आई ठकुबाई गेली. पेटी, गाडी, कबर खोदणारी माणसं, लांबून आलेल्यांचं चहापाणी, सगळं हिरामणने एकट्याने पाहिलं, आणि त्या धावपळीत त्याच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नाही. कबरस्तानाच्या फाटकाशी सर हळूच म्हणाले, "हिरामण मनाचा घट्ट आहे हो. आम्हाला नाही असं जमलं." हळूच म्हणजे रस्त्यापलीकडच्या पानवाल्याला ऐकू जाईल इतपत.

"घट्ट म्हंजे काय?" घरी आल्यावर हिरामणने विचारलं. "म्हंजे मला आयचं काय न्हाय, असंच ना?"

"मी कुठं म्हटलं?" बकुळा म्हणाली. "पण दाजी रडले त्या दिवशी माझ्यापण डोळ्याला पाणी आलं बघा. तुम्ही तर आईला पोचवायच्या वेळीसुद्धा मंडपवाल्याशी भांडत होता."

आईसाठी आपल्याला रडू का येत नाही, याची हिरामणला मनातून भीतीच वाटत होती. पण भीती वाटून घेण्यापेक्षा हेवा करणं सोपं, म्हणून तो हेवा करत राहिला. आईची उपासना अशी करायची की सरांची उपासना मंडळी विसरून गेली पाहिजे, आणि तो रुमाल आपल्या हातात आला पाहिजे, असं त्याने ठरवून टाकलं.

मंडळी तर साठ-सत्तर डोक्यांची. गर्दी आणायची कुठून? तेवढ्यात शेजारच्या फिलूबाई भेटायला आल्या. त्या मूळच्या वसईच्या, कॅथलिक, एका दवाखान्यात नर्स. "ठकुबायसाठी आम्ही जपमाळ घेऊन रोझरी बोलू," त्या म्हणाल्या. "माझ्या ग्रुपच्या तीसेक बायका आहेत. मेणबत्त्या, हार, सगळं आमचं."

"या ना! पन फिलूबाय, रडतील ना जरा?"

"रडतील कशाला? आम्ही मेलेल्यासाठी मागणं मागतो. रडत बसलं तर मागायचं कधी?"

तीस बायका न रडणाऱ्या का होईना, पण तीस. हिरामणने होकार दिला. दुसऱ्या दिवशी धामणकर नाक्यावर ब्रदर विकी भेटला. एका दुकानाच्या माळ्यावर त्याची प्रार्थनासभा भरे, कीबोर्ड, ढोलक आणि टाळ्यांसकट. "ब्रदर, आपली पूरी टीम येणार," विकी म्हणाला. "सगळे व्हाइटमध्ये."

"तुमच्याकडं लोक मोठमोठ्यानं रडतात म्हनं."

"ते पापासाठी, ब्रदर. मरणासाठी नाय. आजी तो प्रभु के घर पहुँच गई! आम्ही तर खुशी मनवणार."

म्हणजे एक चर्च रडू गिळणारं, दुसरं मागणं मागणारं आणि तिसरं आनंद करणारं. तिन्ही चर्चं गोळा केली आणि रडायला कोणीच नाही. पण हिरामणच्या डोळ्यांपुढे आता भरलेला हॉल होता. "तुम्हाला मधली पंधरा मिन्टं," असं त्याने फिलूबाईंना सांगितलं, आणि विकीलाही मधलीच पंधरा मिनिटं दिली. पाळकसाहेबांना यातलं काहीच सांगितलं नाही.

टेमघरचं समाजमंदिर ठरलं. रविवार, दुपारी चार. आजूबाजूच्या कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारी लूम जोरात. भिंतीपलीकडून खडखडाट येत होता, पण भिवंडीत त्याला कोणी आवाज म्हणत नाही. लोडशेडिंगची वेळ सात. तोवर सगळं आटोपणार होतं.

हॉल खचाखच भरला. दारात सावळाराम सर थबकले. गर्दीवरून त्यांची नजर फिरली आणि चेहरा जरा उतरला, ते पाहून हिरामणच्या पोटातलं दुखणं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा थांबलं.

पहिलं गीत सुरू झालं. मिशनची मंडळी उभी राहिली, फिलूबाईंच्या बायका गुडघ्यांवर गेल्या आणि विकीच्या टीमने हात वर केले. पाळकसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग ते म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं शांत राहून आजींचं स्मरण करू."

शांतता अर्धं मिनिट टिकली. शांत प्रार्थना ही गोष्ट विकीच्या टीमला माहीत नव्हती, त्यामुळे पाळकसाहेब बोलायचे थांबले म्हणजे आता सगळ्यांनी आपापली प्रार्थना मोठ्याने करायची, असा त्यांनी अर्थ घेतला. वीस-पंचवीस आवाज एकदम उठले. मधली पंधरा मिनिटं सुरू झाली असं फिलूबाईंना वाटलं आणि त्यांनी रोझरी सुरू केली. बायका एका सुरात उत्तर देऊ लागल्या. पेलेवाला पाणी घेऊन उठला, पण द्यायचं कोणाला ते कळेना, म्हणून स्वतःच पिऊन बसला.

इकडे फोटोचं वेगळंच चाललं होतं. फिलूबाईंनी ठकुबाईंच्या फोटोला झेंडूचा हार घालून पुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. फोटोला हार घालणं टीममधल्या विकीच्या बहिणीच्या शिकवणुकीत बसेना. तिने अगदी नम्रपणे मेणबत्त्या खिडकीत नेऊन ठेवल्या, हार काढला आणि पुढे उभ्या असलेल्या हिरामणच्या हातात दिला. "सॉरी ब्रदर," ती म्हणाली. हिरामण हार घेऊन उभा. परत घालावा तर टीम रागावणार, खाली ठेवावा तर फिलूबाई.

नेमकं त्याच वेळी पाळकसाहेबांनी गडबड आवरायला घाईघाईने पुकारलं, "आता जीवनवृत्तांत. सावळाराम सर!"

मंडळीतले जीवनवृत्तांत नेहमी सरच सांगत, त्याप्रमाणे ते स्टेजवर आले. पंचवीस वर्षं शाळेतले कार्यक्रम केलेला माणूस. समोर कोणी हार घेऊन उभा दिसला की त्यांची मान आपोआप पुढे झुकायची, तशी ती झुकली. हिरामणला दुसरं काही सुचलं नाही. त्याने हार सरांच्या गळ्यात घातला. मागच्या रांगेत दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या.

"ठकुमावशी!" सरांनी माईक धरला. झेंडूच्या हारात ते ठकुबाईंच्या फोटोशेजारी उभे होते, आणि बघणाऱ्याला नक्की कोण गेलं ते विचारावंसं वाटत होतं. "ठकुमावशी मला मुलगा मानायची! मुलगा!" आवाज कापरा झाला. डोळे भरून आले. बायकांमध्ये कुजबुज झाली, आणि हिरामणने पाहिलं, पाळकसाहेबांचा हात हळूहळू खिशाकडे चालला होता.

हिरामणच्या अंगाचा तिळपापड झाला. आई माझी, हॉल मी घेतला, गर्दी मी जमवली, आणि रुमाल पुन्हा यालाच? त्याने स्टेजच्या पायरीवर पाय ठेवला. माईक हिसकावून घ्यायचा एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आणि लाईट गेली.

सातची लाईट पाचला दहा कमी असतानाच गेली. पंखे थांबले, माईक मेला, विकीचा कीबोर्ड मेला. आणि भिंतीपलीकडचे सगळे लूम एकदम थांबले. सगळ्या टेमघरात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता पसरली.

हिरामण पायरीवर तसाच उभा राहिला आणि त्याचा कान डावीकडे वळला. तो त्याने वळवला नव्हता. वीस वर्षं तो लूमवर आणि आई त्याच कारखान्यात डाव्या हाताच्या भिंतीपलीकडे सुताच्या कांड्या भरायला. दिवसभर खडखडाटात शेजारच्या माणसाशीसुद्धा खुणेनेच बोलायचं. दोघांचं बोलणं व्हायचं ते फक्त लाईट गेल्यावर. लूम थांबले रे थांबले की दुसऱ्या क्षणाला पलीकडून हाक यायची, "हिरामना, खाल्लंस का न्हाय रं?"

"हां आये, खाल्लं," हिरामण मोठ्याने म्हणाला.

पलीकडून कोणीच बोललं नाही. त्याने आणखी थोडी वाट पाहिली. मग त्याला कळलं. आई गेली हे त्याला पंधरा दिवसांपासून माहीत होतं, पण कळलं ते आत्ता. तो तिथेच पायरीवर बसला आणि त्याने जो हंबरडा फोडला, तसा त्या मिशनच्या मंडळीने जन्मात ऐकला नव्हता. "आये! आये गं!" एवढंच तो म्हणत राहिला.

पेलेवाला उठला, पण पेला मघाशीच रिकामा झाला होता, म्हणून तो नुसताच हिरामणजवळ जाऊन बसला आणि स्वतःच रडू लागला. फिलूबाई मागणं विसरल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. "रो लो, ब्रदर," असं म्हणत खुशी मनवायला आलेला विकी त्याच्या गळ्यात पडला. उभे, बसलेले, गुडघ्यांवरचे, सगळे एकाच तऱ्हेने रडत होते. पाळकसाहेब हळूच आले आणि त्यांनी हिरामणच्या हातात रुमाल ठेवला. हिरामणने तो पाहिलाही नाही.

चहाच्या वेळी सर बाजूला येऊन बसले. हार अजून गळ्यातच होता.

"खरं सांग," ते खालच्या आवाजात म्हणाले. "लाईटचं कोणाशी जमवलंस?"

"काय?"

"अरे, बरोबर माझ्या भाषणात! बरं, लाईट घालवायची तुझी कल्पना, मान्य. पण लूमसकट? ओळख असल्याशिवाय होतं का असं? माझ्या आईचं वर्ष येतंय, मला सांगायला काय हरकत आहे?"

"कोनाशीच न्हाय हो, सर."

"नको सांगूस," सर म्हणाले. "साडू असून असं वागावं माणसानं!" आणि त्या संध्याकाळपासून ओवा सरांच्या घरी येऊ लागला.

सरांच्या आईचं वर्ष आलं. हॉल तोच, वार रविवार, गर्दी तेवढीच. फिलूबाई होत्या, विकी होता. सर माईकसमोर उभे राहिले, "आई!" म्हणाले आणि त्यांनी दोनदा नाक चोळलं. पंखे थांबले. माईक बंद झाला. भिंतीपलीकडचे लूम मात्र आपले खडखड चालूच राहिले, आणि त्यात सरांची पुढची वीस-पंचवीस वाक्यं कोणालाही ऐकू आली नाहीत.

"फ्यूज उडाला वाटतं," कोणीतरी म्हणालं. फिटर माणूस तो, हिरामण सवयीने उठला आणि मागच्या खोलीत गेला. मेन स्विच खाली ओढलेला, आणि त्यावर दोन्ही हात ठेवून सरांची बायको आक्का उभी.

"आक्का, हात काढा."

"नाय बाबा. रडणं होईपर्यंत काढू नको म्हणालेत."

हिरामणने वाकून दारातून पाहिलं. सर रडत नव्हते. तोंड उघडून ते प्रयत्न करत होते, आणि रडू येत नव्हतं. लोक पुठ्ठ्यांनी वारा घेत होते. शेवटी सर खाली उतरले आणि मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसले.

"पहिल्या वेळी खरंच आलं होतं रे," ते म्हणाले. "आईची शप्पथ. आता सगळ्यांना वाटणार, तेव्हाही नाटकच केलं."

हिरामणने खिशातून पाळकसाहेबांचा रुमाल काढला आणि सरांपुढे धरला. सरांनी तो घेतला, उलगडला. मळकट होता, चुरगळलेला, मध्ये डाग.

"धुतला नाहीस?"

"न्हाय," हिरामण म्हणाला. "धुवावासा वाटला न्हाय."

सर बराच वेळ रुमालाकडे बघत बसले. मग त्यांनी त्याची नीट घडी केली, उठले आणि तो परत हिरामणच्याच खिशात ठेवला. डोळे त्यांनी शर्टाच्या बाहीला पुसले.