वाघोबांचं नेहमीचं

एका जंगलात, मुलांनो, जिथे नदी वळते आणि मोहाची झाडं दाट होतात, तिथे एक बार होता. बार म्हणजे काय, हे बाबांना विचारा. आई घरात नसताना विचारा.

हा बार झिपरूशेठ नावाच्या अस्वलाचा. पूर्वी तिथे साधा पाणवठा होता. जनावरं यायची, पाणी प्यायची, जायची. झिपरूशेठने भोवती वेलींचा आडोसा केला, काजव्यांना संध्याकाळची ड्युटी लावली आणि त्याच पाण्यात मोह घातला. आता जनावरं येतात, पितात आणि जायचं नाव घेत नाहीत.

त्याच जंगलात मंजुळी नावाची एक शेकरूची पोर राहायची. शेकरू म्हणजे तांबूस रंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. मंजुळीचं शिक्षण झालं होतं, नोकरी नव्हती. कुणाच्याही लग्नाला गेली की कुणीतरी विचारायचंच, “मग, सध्या काय करतेस?”

“फांदीवर बसते,” असं म्हणून मंजुळी जिलबी अर्धी टाकायची आणि घरी यायची.

एके सकाळी तिच्या कानावर आलं, झिपरूशेठकडे बारटेंडरची जागा निघालीय. पेयं बनवून द्यायची, एवढंच काम. मंजुळीने जन्मात पानावरच्या दवाखेरीज काही चाखलं नव्हतं. तरी ती गेली.

तिच्या आधी कासव येऊन गेलं होतं. कासवाचा हात चांगला होता. पण त्याचा दुसरा ग्लास येईपर्यंत गिऱ्हाइकाची पहिल्या ग्लासाची उतरून जायची.

“अनुभव?” झिपरूशेठने विचारलं.

“पिण्याचा की पाजण्याचा, शेठ?”

“कुठलाही सांग.”

“कुठलाच नाही.”

“उत्तम! कासवाच्या आधीच्या सशाला पिण्याचा दांडगा अनुभव होता. गिऱ्हाइकांना काही उरायचंच नाही.”

“तो ससा आता कुठे असतो?”

झिपरूशेठला एकदम ठसका लागला. “ते राहू दे. हे हलवून दाखव.”

त्याने भोपळ्याचा एक पोकळ तुंबा पुढे केला. आत जांभळाचा रस आणि मोह. वर घट्ट बूच.

मंजुळीने तुंबा हातात घेतला आणि तिला कापरं भरलं. आधी हात थरथरले, मग मिशा, मग शेपटी. तुंबा असा हलायला लागला की दिसेनासा झाला. बूच उडालं. आतून जांभळ्या फेसाचं कारंजं झिपरूशेठच्या नाकावर आलं.

शेठने नाक चाटलं. पुन्हा चाटलं.

“अगं बाई! काय हा हात! कुठे शिकलीस?”

“घरचंच आहे, शेठ,” मंजुळी थरथरत म्हणाली.

“आज संध्याकाळी ये. आजचा दिवस निभावलास तर नोकरी पक्की!”

संध्याकाळी काजवे लागले. रानडुक्कर आलं, घुबड आलं, तरस तर विनोद ऐकायच्या आधीच हसत आलं. मंजुळी भीतभीत तुंबे हलवत होती आणि सगळे वाहवा करत होते. तेवढ्यात एकदम शांतता पसरली.

वाघोबा आले होते. ते ऐसपैस बसले आणि म्हणाले, “नेहमीचं.”

मंजुळीने वेटरला गाठलं. वेटर म्हणजे हुप्प्या वानर.

“नेहमीचं म्हणजे काय रे?”

“हळू बोल, बाई! सशाने हेच विचारलं होतं. तोंडावर. सगळ्यांसमोर.”

“मग?”

“मग काय? त्या दिवशी वाघोबांनी नुसता चखणाच घेतला.”

मंजुळी उडी मारून तुंब्यांकडे परतली. तिने दिसेल ते तुंब्यात टाकलं. करवंदं टाकली, मध टाकला, मोह टाकला, हिरवी मिरची टाकली. इतक्यात ड्युटीवर डुलकी लागलेला एक काजवा टपकन आत पडला. बूच बसलं आणि मंजुळी अशी काही थरथरली, की सगळा बार तिच्याबरोबर थरथरला.

ग्लासात ओतलेलं पेय चक्क चमकत होतं.

वाघोबांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. बारमध्ये कुणी श्वास घेईना. मग वाघोबांना उचकी लागली, काजवा त्यांच्या मिशीवर येऊन बसला आणि झिंगून गाऊ लागला.

“हेच!” वाघोबांनी डरकाळी फोडली. “हेच ते!”

“आम्हालाही नेहमीचं!” सगळे एकदम ओरडले. तरस हसलं, आणि पहिल्यांदाच वेळेवर हसलं.

गर्दी पांगल्यावर वाघोबांनी मंजुळीला जवळ बोलावलं. ती काळीज मुठीत धरून गेली.

“पोरी, कुणाला सांगू नकोस,” वाघोबा कुजबुजले. “नेहमीचं म्हणजे काय, ते मलाही ठाऊक नाही. पहिल्यांदा आलो तेव्हा पेयांची नावं येत नव्हती. लाज वाटली, म्हणून ‘नेहमीचं’ म्हणालो. सगळे घाबरले आणि काहीतरी आणून दिलं. तेव्हापासून रोज नवीनच पितोय.”

“आणि तो ससा?”

वाघोबांचा चेहरा पडला. “त्याने चारचौघांत विचारलं गं. मी काय सांगणार होतो?”

ते गेल्यावर झिपरूशेठने मंजुळीला उचलून गरगर फिरवलं. “नोकरी पक्की!”

“पण शेठ, मी त्यात काय काय घातलं ते मला आठवत नाही!”

“मग तुझा पगार वाढवायला हवा,” झिपरूशेठ म्हणाला.

मंजुळी घरी निघाली ती उड्या मारतच. आनंदाच्या भरात आपलं झाड ओलांडून पुढे गेली, परत आली आणि पुन्हा ओलांडून गेली. शेवटी ढोलीत शिरून तिने आईला मिठी मारली.

“आई, मला नोकरी लागली!”

“काय करायचं असतं गं?”

“थरथरायचं,” मंजुळी म्हणाली, “आणि ओतायचं!”

तात्पर्य: जे समजलं नाही ते लगेच विचारावं, असं गुरुजी सांगतात. मुलांनो, गुरुजींचं ऐका. मात्र एवढं लक्षात ठेवा, गुरुजींना वाघाने कधी ऑर्डर दिलेली नाही.